गाडी कोण चालवत होतं, हे सांगायची सक्ती असावी का? कलम १३३, ई-चलान आणि नोटिशीचं उत्तर

गाडीमालकांना पडणारा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी माझ्या नावावर आहे. वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलान माझ्या मोबाइलवर आलं, पण त्या दिवशी स्टिअरिंगवर मेहुणा होता. त्याचं नाव पोलिसांना सांगणं मला बंधनकारक आहे का? आणि मीच चालवत असतो, तर स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती सरकारने करणं योग्य आहे का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं माझं उत्तरही हो, पण काही अटींवर: प्रश्न फक्त 'कोण चालवत होतं' एवढाच असावा, मागणी लेखी असावी, तिला मुदत असावी आणि ज्याला खरोखर ठाऊक नाही त्याला सुटायची वाट असावी. आपल्या मोटार वाहन कायद्यात यातलं बरंचसं आधीपासून आहे. अडचण ही आहे की ई-चलानात आपण ते कलम वापरतच नाही, आणि गाडीच्या नंबरावर दंड टाकून मोकळे होतो.

आधी तीन वेगळी कर्तव्यं सुटी करून घेऊ, कारण चर्चेत ती नेहमी एकमेकांत मिसळली जातात. कलम १३० रस्त्यावरच्या चालकाचं आहे: गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ प्रमाणे चालतं, मोबाइलमधल्या गॅलरीतला फोटो नव्हे. कलम १३४ अपघातानंतरचं आहे: जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना माहिती देणं, विमा कंपनीला कळवणं. आणि कलम १३३ हे मालकाचं. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

कलम १३३ शब्दशः वाचण्यासारखं आहे. ज्या गाडीच्या चालकावर किंवा कंडक्टरवर या कायद्याखालच्या गुन्ह्याचा आरोप आहे, त्या गाडीच्या मालकाने, राज्य सरकारने त्यासाठी अधिकार दिलेल्या पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यावर, चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायची. किती माहिती? जी त्याच्याजवळ आहे किंवा वाजवी खटपट करून मिळवता येईल तेवढी. म्हणजे मालकाने स्वतःहून धावत जाऊन नाव सांगायचं नाही, मागणी आल्यावर सांगायचं. आणि 'मला आठवत नाही' हे उत्तर तेव्हाच टिकतं, जेव्हा आठवण्यासाठी काय खटपट केली हेही सांगता येतं. माहिती दिली नाही तर कलम १८७ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. कॅमेरा नंबर टिपतो, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून आरसीवरचं नाव उचललं जातं, एसएमएस जातो, मालक पैसे भरतो. चालक कोण, हे कुणी विचारत नाही. वेगाचं कलम १८३ मात्र म्हणतं, जो गाडी चालवतो तो, किंवा जो आपल्या नोकराला तशी चालवायला लावतो तो. 'ज्याच्या नावावर गाडी आहे तो' असं त्यात कुठेच नाही. सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं हे कलम १८४ मधलं, तेही चालकाचंच. उलट विमा नाही, परमिट नाही, पीयूसी संपलंय, असे दोष मालकाच्या पदरात पडतात, तिथे चालक शोधायची गरज नसते. हा फरक मनात पक्का ठेवला की निम्मा गोंधळ मिटतो.

मालकाने दंड भरला तर बिघडलं काय, असं विचारलं जातं. बरंच बिघडतं. कलम १८३ मध्ये दुसऱ्यांदा गुन्हा झाला तर लायसन्स जप्त होतं, कलम १९ खाली चालक काही काळ अपात्र ठरू शकतो. या सगळ्या शिक्षा लायसन्सला चिकटतात, आरसीला नव्हे. टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर महिन्यात चार वेळा एक्सप्रेसवेवर सुसाट गेला आणि चारही दंड मालकाने पगारातून कापले, तर त्या ड्रायव्हरचं लायसन्स कोरं राहतं. उद्या तो दुसऱ्याकडे कामाला लागेल, तिथल्या मालकाला काहीच कळणार नाही. ज्याने गाडी चालवली त्याच्यापर्यंत न पोहोचणारा दंड म्हणजे वेगाने जाण्याचं भाडं होऊन बसतं, आणि ज्याला परवडतं तो ते भरत राहतो.

स्वतःविरुद्ध साक्षीचा मुद्दा खरा आहे, तो टाळून चालणार नाही. राज्यघटनेचं अनुच्छेद २०(३) सांगतं की गुन्ह्याचा आरोप असलेल्या कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा निकालापासून हे संरक्षण कोर्टातल्या पिंजऱ्यापुरतं उरलेलं नाही; ज्याच्यावर औपचारिक आरोप झाला आहे त्याला कोर्टाबाहेरही ते मिळतं. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने रेषा आखली: बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना यांची सक्ती चालते, पण स्वतःच्या माहितीतून स्वतःला गोवणारं विधान सक्तीने काढून घेता येत नाही. 'गाडी मीच चालवत होतो' हे विधान या दुसऱ्या प्रकारात मोडतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. मालकाला 'गाडीचा मालक' म्हणून, त्याच्यावर अजून आरोप नसताना, चालकाचं नाव विचारलं तर अनुच्छेद २०(३) चा अडसर फारसा उभा राहत नाही. पण आधी त्याच्याच नावाने वेगाचं चलान फाडायचं, आणि मग त्यालाच 'तूच होतास का' म्हणून विचारायचं, हा क्रम घटनेच्या अंगावर जातो. आजच्या ई-चलान पद्धतीत चलान आधीच मालकाच्या नावाने निघतं, म्हणून पुढे कुणी विचारलंच तर नेमकी हीच चूक होते. नोटीस आधी आणि चलान नंतर असा क्रम ठेवला तर पोलिसांची केस मजबूत होते आणि नागरिकाचा हक्कही शाबूत राहतो.

ब्रिटनने हा पेच बऱ्यापैकी सोडवला आहे. तिथल्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं कलम १७२ हे आपल्या १३३ सारखंच आहे. कॅमेऱ्यातल्या गुन्ह्याची नोटीस नोंदणीकृत मालकाला १४ दिवसांत पोहोचली पाहिजे, त्याने २८ दिवसांत नाव कळवलं पाहिजे. गप्प बसला तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (गुन्ह्यागणिक जमा होणारे दोषांक). वेगाच्या साध्या गुन्ह्याला ३ पॉइंट असतात, तेव्हा गप्प राहणं दुप्पट महाग पडतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. बचावही आहे: वाजवी प्रयत्न करूनही चालक कोण ते कळू शकलं नाही, हे सिद्ध केलं तर सुटका. कंपनीला मात्र नोंद का ठेवली नाही याचंही उत्तर द्यावं लागतं. या सक्तीला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आव्हान दिलं गेलं. ओहॅलोरन आणि फ्रान्सिस विरुद्ध ब्रिटन या २००७ च्या निकालात मोठ्या पीठाने १५ विरुद्ध २ मतांनी ती वैध ठरवली. कारणमीमांसा मला पटते: जो गाडी बाळगतो तो त्याबरोबर येणारे नियम स्वीकारतो, प्रश्न एकच आणि मर्यादित आहे, बाकी गुन्हा सरकारलाच सिद्ध करायचा आहे.

जर्मनी उलट टोकाला आहे. तिथे चालकाला स्वतःला गोवायला लावत नाहीत आणि चालत्या गाडीच्या गुन्ह्याबद्दल मालकालाही दंड नाही, म्हणून कॅमेरा समोरून चेहरा टिपतो. चालक सापडलाच नाही तर मालकावर गाडीची रोजनिशी ठेवायचा आदेश निघू शकतो: प्रत्येक फेरीला कोण, कधी, कुठल्या वेळेत. हा मार्ग सभ्य आहे, पण आपल्याकडे चालणार नाही. आपले बरेच कॅमेरे फक्त नंबरप्लेट टिपतात, आणि दुचाकीवर हेल्मेटच्या आत चेहरा दिसत नाही. फ्रान्सने मधली वाट काढली आहे: पैसे मालकाकडून, पॉइंट फक्त प्रत्यक्ष चालकाचे, आणि २०१७ पासून कंपन्यांना ४५ दिवसांत चालकाचं नाव कळवणं सक्तीचं. आपल्या टॅक्सी, बस आणि ट्रान्सपोर्ट धंद्यासाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते.

आता जिथे खरी पडझड होते तिथे येऊ: खोटं नाव.

मालक खोटं का बोलतो, याची कारणं ठरलेली आहेत. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं. तो प्यायलेला होता. तो अल्पवयीन होता. खरं नाव सांगितलं की मालकाचा स्वतःचा गुन्हा उघडा पडतो. विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी दिली तर कलम १८० खाली मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, शिवाय चालवणाऱ्याला कलम १८१ चे ५,००० वेगळे. अल्पवयीन असेल तर कलम १९९अ: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. ही भीती मोठी आहे, म्हणून घरचा ड्रायव्हर पुढे केला जातो. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या अपघातानंतर, गाडी आपणच चालवत होतो असं सांगण्यासाठी ड्रायव्हरवर दबाव आणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोप झाला आणि पोलिसांनी त्याबद्दल वेगळा गुन्हा नोंदवला. ड्रायव्हर बदलण्याचा विचार मनात येणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं की त्यामुळे एका गुन्ह्याचे तीन-चार होतात. भारतीय न्याय संहितेची कलमं २१२ आणि २१७ खोट्या माहितीबद्दल, २३८ पुरावा दडवून गुन्हेगाराला वाचवल्याबद्दल, आणि कोर्टात तेच बोललात तर २२९.

आणि हे पकडलं जातंच. टोल नाक्याच्या सीसीटीव्हीत पुढच्या सीटवरची माणसं दिसतात. मोबाइलचं लोकेशन सांगतं की 'चालवणारा' त्या वेळी दुसऱ्याच भागात होता. एअरबॅगवर रक्त किंवा लाळ सापडते. सीट किती मागे-पुढे सरकवलेली आहे, ते चालकाच्या उंचीशी जुळत नाही. सीटबेल्टचा वळ तर साधा आणि बोलका पुरावा आहे: आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, पट्टा उजव्या खांद्यावरून खाली येतो, म्हणून वळ उजव्या खांद्यावर उमटतो, शेजारी बसलेल्याचा डाव्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या इंज्युरी सर्टिफिकेटवर 'डावा खांदा' असं लिहिलेलं असेल, तर चालक असल्याचा त्याचा दावा तिथेच डळमळतो.

ऑस्ट्रेलियातले माजी फेडरल न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांनी २००६ मध्ये ७७ डॉलरच्या वेगाच्या दंडातून सुटण्यासाठी गाडी एक परिचित बाई चालवत होती असं शपथेवर सांगितलं. ती बाई आधीच वारलेली होती. २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद झाली. पुढे ब्रिटनचे मंत्री झालेले क्रिस ह्यून यांनी २००३ मधले पॉइंट पत्नीच्या नावावर घातले. दहा वर्षांनी दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. मूळ गुन्हा दोन्हीकडे किरकोळ होता.

अपघाताच्या प्रकरणात कलम १३३ च्या उत्तराचं वजन फार मोठं असतं, हे मालकांना उशिरा कळतं. मोटार अपघात दाव्यात विमा कंपनी पहिली ते पत्रच मागते. एप्रिल २०२२ पासून चालकाचा फॉर्म ३ आणि मालकाचा फॉर्म ४ अपघातापासून ३० दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचा असतो. नोटिशीच्या उत्तरात एक नाव, फॉर्ममध्ये दुसरं, विम्याच्या क्लेममध्ये तिसरं, अशी विसंगती आली की कंपनी मृताच्या घरच्यांना पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करू शकते. तेव्हा तिन्ही कागद एकाच दिवशी समोर ठेवून भरा. पोलिसांच्या बाजूनेही एक गोष्ट: नुसतं उत्तराचं पत्र फाइलला लावून चालकाची ओळख सिद्ध होत नाही. मालकाला साक्षीदार म्हणून कोर्टात उभं करावं लागतं. हे राहून गेलं की चालक सुटतो.

नोटीस हातात आली तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो. तिच्यावर अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, पोलीस ठाणं, जावक क्रमांक, गुन्ह्याची तारीख-वेळ-ठिकाण आणि कलम आहे का, ते पाहा. फोनवरून 'नाव पाठवा' म्हणाले तर नम्रपणे लेखी मागा. ई-चलान असेल तर फोटो डाउनलोड करून ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ नुसार फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट हवेत, यंत्राने मोजलेला वेग हवा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं, जे आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली दिलं जातं. त्याच नियमाने गुन्हा घडल्यापासून नोटीस पाठवायला १५ दिवसांची मुदत घातली, आणि कॅमेरा बसवलेल्या ठिकाणाआधी ठळक फलक लावायचं बंधनही.

उत्तर चार-पाच ओळींचं पुरे: 'आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात कळवतो की, वाहन क्रमांक अमुक हे दिनांक अमुक रोजी अमुक वाजण्याच्या सुमारास श्री. अमुक, राहणार अमुक, लायसन्स क्रमांक अमुक, हे चालवत होते, असे माझ्या माहितीप्रमाणे आहे.' वेग किती होता, घाई का होती, चूक कुणाची, यातलं एक अक्षरही लिहू नका. ते विचारलेलंच नाही. ज्याचं नाव देताय त्याला आधी सांगा, त्याच्या लायसन्सची प्रत मागून घ्या आणि ते त्या तारखेला वैध होतं का ते तपासा. पत्र हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपून ठेवा.

मीच चालवत होतो, तर? वेग-सिग्नलचा दंड असेल तर तडजोड शुल्क भरून प्रकरण संपवा, पत्रव्यवहारात शिरू नका. कुणी जखमी झालं असेल किंवा मृत्यू झाला असेल, तर उत्तर लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. अनुच्छेद २०(३) चा आधार घ्यायचा की नाही हे त्या प्रकरणाचे कागद पाहूनच ठरतं. आधार घेऊन गप्प राहता येईल, खोटं लिहिता येणार नाही.

खरोखरच माहीत नसेल, घरातले तिघे तीच गाडी वापरत असतील, तर खटपट कागदावर दाखवा. फास्टॅगचं स्टेटमेंट, पेट्रोलचं यूपीआय पेमेंट, सोसायटीच्या गेटची नोंद, प्रत्येकाला विचारलं त्याची तारीख. एवढं जोडून 'निश्चित सांगता येत नाही' लिहिलं तर ती 'वाजवी खटपट' ठरते. नुसतं 'माहिती नाही' लिहून पाठवलं तर कलम १८७ ला आमंत्रण.

दोन-तीन गाड्यांचा धंदा असेल तर रजिस्टरशिवाय राहूच नका. रकाने एवढेच: तारीख, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, लायसन्स नंबर, गाडी घेतल्याची वेळ आणि किलोमीटर, परत दिल्याची वेळ आणि किलोमीटर, सही. सही दोन्ही वेळा घ्या. वाटेत ड्रायव्हर बदलला तर त्याची वेळ आणि ठिकाण त्याच दिवशी लिहा. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेलं रजिस्टर कोर्टात एका नजरेत ओळखू येतं: सगळीकडे एकच पेन, एकच हस्ताक्षर, किलोमीटरचे गोल आकडे.

गाडी विकून झाली आणि चलानं तुमच्याच नावाने येतायत, हे फार आढळतं. विकताना फक्त फॉर्म ३० वर (मालकी बदलाच्या अर्जावर) सही करून दिली आणि पैसे घेतले, एवढ्याने मालकी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार निकालात स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. फॉर्म २९ (विक्री केल्याची सूचना) विक्रीपासून १४ दिवसांत आरटीओला द्या, त्याची पोहोच, खरेदीदाराचं आधार आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती कायम ठेवा. कलम १३३ ची नोटीस आली तर हेच कागद जोडून खरेदीदाराचं नाव कळवता येतं.

नंबर तुमचा पण गाडी तुमची नाही, असंही होतं. चलानावरच्या फोटोत मॉडेल, रंग, बंपरवरचे ओरखडे, काचेवरचे स्टिकर, हाय सिक्युरिटी प्लेटवरचा होलोग्राम पाहा. त्या वेळी तुमची गाडी दुसरीकडे होती याचा फास्टॅग किंवा पार्किंगचा पुरावा काढा. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात नंबरप्लेटच्या गैरवापराची लेखी तक्रार द्या, मग तिची प्रत जोडून ई-चलान पोर्टलवर तक्रार नोंदवा. या क्रमाने गेलात तर चलान रद्द व्हायची शक्यता बरी असते. पैसे आधी भरून मागाहून तक्रार केली, तर गुन्हा कबूल केला असं धरलं जातं आणि परतावा मिळणं दुरापास्त होतं.

वाहन पोर्टलवरचा मोबाइल नंबर जुना असेल तर तो आजच बदला. नोटीस जुन्या नंबरवर गेली की मुदत संपल्यावरच कळतं. आणि चलानाच्या नावाखाली आलेली एपीके फाइल कधीही उघडू नका. खऱ्या साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो, आणि पोलीस चलान भरण्यासाठी ॲपची फाइल पाठवत नाहीत.